होडीची खालची बाजू

खुर्ची दुरुस्तीला आली की कुशनवाला ती आधी उलटी करतो. गिऱ्हाईक वरच्या फाटक्या रेक्झीनकडे बोट दाखवत असतं, डाग कसा पडला ते सांगत असतं, आणि याचं तिकडे लक्षच नसतं. चारही पाय वर करून खुर्ची टेबलावर आडवी केली की हा तिच्यात डोकं घालतो. खालचे पट्टे सैल पडलेत का, स्प्रिंगा कशाच्या आधारावर उभ्या आहेत, आधीच्या कारागिराने खिळे कुठे चुकवलेत, हे बघून झालं की मग तो गिऱ्हाइकाकडे वळतो. न्हाव्याची खुर्ची असो, दातांच्या डॉक्टरची असो नाहीतर शाळेच्या बसची लांबलचक सीट, सगळ्यांना एकच न्याय. वरून सगळ्या खुर्च्या थापा मारतात, असं त्याचं मत आहे.

हे काम त्याला मामाने शिकवलं. शाळेत डोकं चालेना, पण हात चालत होते, तेव्हा मामाने त्याला आपल्या दुकानात बसवून घेतलं. मामा गेल्यावर दुकान त्याचं झालं. याच मामाने लहानपणी त्याला पार्कात नेऊन होडीत बसवलं होतं. पुढचं सगळं त्या होडीपासून सुरू होतं.

शहराबाहेरचं हे पार्क फार मोठं नाही. आकाशपाळणा, छोटी आगगाडी, एकमेकांना धडकवायच्या मोटारी, मधोमध कारंजं. कारंज्यापर्यंत आले की लोक मागे वळतात. पलीकडे, आगगाडीच्या स्टेशनामागे, एक कोपरा आहे, तिथे सहसा कुणी फिरकत नाही. पूर्वी तिथे सिमेंटचा गोल कालवा होता आणि त्यात होड्या फिरत. होडीत बसल्यावर पोराला पायाखालून खर्र खर्र असा आवाज ऐकू आला. हे काय आहे, त्याने विचारलं. मामा म्हणाला, मासे पाठ घासतायत. पाणी खोल किती? तर हत्ती बुडेल. पाणी इतकं हिरवं होतं की हात घातला तर मनगट दिसेनासं व्हायचं, त्यामुळे मामाचं म्हणणं खोडून काढायला काही मार्गही नव्हता.

पुढे पंप बिघडला. तो कुणी नीट केला नाही. पाणी सोडून दिलं, होड्या भंगारात गेल्या. एक तेवढी मागे राहिली. शेडमध्ये माळ्यांनी ती पालथी घातली आणि तिच्या पाठीवर कुंड्या मांडल्या. कालवा कोरडा पडला तेव्हा आपला माणूस तरुण होता, लग्न व्हायचं होतं. एका रविवारी तो कठड्यावरून आत उतरला. भिंत छातीपर्यंत आली. पाण्याची हिरवी रेघ कमरेशी होती. हत्ती सोडाच, वासरूसुद्धा बुडालं नसतं. दोन्ही भिंतींवर मात्र एका उंचीवर लांबच लांब काळे ओरखडे होते. मग शेडमध्ये जाऊन त्याने कुंड्या बाजूला सारल्या आणि पालथी होडी न्याहाळली. तिच्या दोन्ही कुशींना आडवी रबरी चाकं बसवलेली होती, भिंतीवर आपटू नये म्हणून. मामाचे मासे ते हेच.

दुसरा कुणी हिरमुसला असता. याला उलट चेव आला. एवढी वर्षं लोक होडीत बसून गेले आणि खाली काय चाललंय हे कुणालाच ठाऊक नव्हतं. तेव्हापासून त्याच्या डोक्यात एक गोष्ट बसली: या कोरड्या कालव्याच्या तळातून लोकांनी चालावं, आणि डोक्यावर होड्या टांगलेल्या असाव्यात. म्हणजे माणूस पाण्याखालून गेल्यासारखा जाईल, होड्यांची पोटं बघत, कुठे वाकून, कुठे बाजूला सरकून.

असला विचार करणारे आपण जगात एकटेच, अशी त्याची समजूत होती. ती ताईंनी दूर केली. ताई शाळेची बस चालवतात. बसच्या सीटा दुरुस्तीला आणल्या तेव्हा दुकानातल्या भिंतीवर कालव्याचं चित्र पाहून त्या म्हणाल्या, की इथे तर माझी लहान पोरांची आगगाडी जाते. म्हणजे जात नव्हती, त्यांच्या डोक्यात जात होती. त्यांच्या ओळखीचा एक न्हावी होता, ज्याला सगळे कात्री म्हणत. त्याच्या मनात त्याच जागी भुताचं घर होतं. असे एकेक जमत गेले आणि मंडळ तयार झालं. मंडळाला अध्यक्ष नाही, वर्गणी नाही, म्हणूनच ते टिकलं असं कात्री म्हणतो. दर रविवारी सकाळी ही मंडळी पार्काचा पास दाखवून आत शिरतात, आकाशपाळण्याकडे ढुंकूनही न बघता थेट मागच्या कोपऱ्यात जातात आणि तिथे काय असायला हवं यावर भांडतात.

भांडणं हाताबाहेर जायला लागली तेव्हा त्यांनी एक नियम केला. आपली कल्पना कुणी तोंडाने सांगायची नाही. चालून दाखवायची. ज्याची कल्पना त्याने पुढे व्हायचं, बाकीच्यांनी मागे रांग लावायची, आणि ती गोष्ट तिथे खरोखर उभी आहे असं समजून त्याच्या मागोमाग जायचं. पुढच्याने वाटेत चकार शब्द काढायचा नाही. शेवटी प्रत्येकाने आपल्याला काय दिसलं ते सांगायचं. जे चालणाऱ्याला कळलं नाही ते नाहीच, असं धरायचं.

कात्रीने पहिल्यांदा चालून दाखवलं तेव्हा त्याने इतकी दारं उघडली आणि लावली, की ताईंनी शेवटी हे इस्पितळ आहे का म्हणून विचारलं. ताईंच्या आगगाडीत सगळे एकामागे एक जमिनीवर बसले, वळणावर नीट कलले, पण ताई दर थोड्या वेळाने हात वर करून थांबवत होत्या. कात्री म्हणाला, पोरं शेवटच्या स्टॉपपर्यंत मोठी होतील.

कुशनवाल्याच्या चालीत मात्र सगळे एका सुरात ‘होडी’ म्हणाले. पहिल्याच वेळी. तो कालव्यात उतरला, मान वर करून थोडा थांबला, वाकला, पुढे गेला, एका ठिकाणी हात वर करून काहीतरी अलगद ढकलल्यासारखं केलं, पुन्हा वाकला. ताई म्हणाल्या, होडी. कात्री म्हणाला, होडी, आणि ती खर्र वाजते. त्या दिवसापासून मंडळात त्याचा शब्द वजनदार झाला. पुढे ती चाल इतक्यांदा झाली की मंडळातला प्रत्येक जण झोपेतसुद्धा योग्य जागी वाकला असता.

घरी हे चालायचं नाही. त्याची बायको चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. दिवसभर लोकांच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलत विचारते, ‘हे बरं की आधीचं?’ त्या कोपऱ्याला ती सवत म्हणते. रविवारी तो परत आला की आज सवत काय म्हणत होती, अशी चौकशी होते. ती दुसऱ्या शहरातून लग्न होऊन इथे आली आणि त्या कोपऱ्यात कधी गेली नव्हती. डोक्यात काय आहे ते निदान सांगा तरी, असं तिने सुरुवातीला विचारून पाहिलं. सांगायचं नसतं, नियम आहे, असं उत्तर मिळाल्यावर तिने नाद सोडला. नियमावर मात्र तिचा आक्षेप नव्हता. गिऱ्हाइकाला अक्षर सुचवलं की चष्मा चुकतो, हे तिला पक्कं माहीत होतं.

मग पार्कात नव्या मॅनेजर बाई आल्या. बाहेरगावच्या, वयाने लहान, ऐकून घेणाऱ्या. मंडळाबद्दल पहारेकऱ्याकडून कळल्यावर त्या स्वतः कोपऱ्यात आल्या आणि सरळ बोलल्या. रिकामी जागा वरच्यांना समजावून सांगता येत नाही. पत्र्याचं कुंपण घालून मोडक्या राइड इथे आणून टाकायचं ठरत आलंय. तुम्ही एवढी वर्षं विचार करताय तर मला एक कल्पना दाखवा, एकच. पटली तर एक हंगाम जागा तुमची, सामान आणि माणसं मी देते.

कोणती कल्पना, यावर मंडळात वादच झाला नाही. ताई म्हणाल्या, होड्या. कात्रीने भुताचं घर मागे घेतलं, जरा नाराजीनेच. कुशनवाल्याला त्या आठवड्यात दोन ठिकाणी दाभण बोटात घुसला. आयुष्यात एकदाच डोक्यातली वस्तू डोक्याबाहेर यायची शक्यता निर्माण झाली होती. नाहीतर कुंपण.

मॅनेजर बाईंनी सांगून ठेवलं होतं, की रांगेत नेहमीची माणसं सोडून आणखी कुणी असलं तर बरं. म्हणून त्याने बायकोला विचारलं. सवतीचं घर बघायला बोलावताय का, असं म्हणत ती आली. रविवारी, पार्क उघडायच्या आधी, सगळे कालव्याच्या कठड्याशी जमले. मॅनेजर बाई काठावर उभ्या राहिल्या. कुशनवाला आत उतरला. मागे ताई, कात्री, बाकीची मंडळी, आणि शेवटी बायको, पर्स काखेत घट्ट धरून.

चाल उत्तम झाली, हीच पंचाईत झाली. सवयीने सगळे एकदम थांबले, एकदम वाकले, एकदम उठले. काठावरून ते कवायतीसारखं दिसत होतं. मॅनेजर बाई थोडा वेळ पाहत राहिल्या आणि अदबीने म्हणाल्या, “हा व्यायाम आहे का?” कुशनवाला गप्प. नियम. ताईंनी तोंड उघडलं तेव्हा त्याने हातानेच त्यांना अडवलं.

रांगेच्या शेवटी बायको मात्र कवायतीत नव्हती. पुढचे वाकले तिथे ती येऊन उभी राहिली, वर आभाळाकडे पाहिलं, काही नव्हतं. पुढच्यांकडे पाहिलं. मग तीही वाकली, सावकाश, आणि तशीच थोडी पुढे सरकली. काठावरच्या बाईंना काय वाटलं कुणास ठाऊक. त्या चपला काढून आत उतरल्या आणि तिच्या मागोमाग, तिच्यासारख्याच वाकून, चालायला लागल्या.

चाल संपल्यावर काय दिसलं ते सांगायची वेळ आली. मंडळाने आपलं नेहमीचं उत्तर दिलं, सगळ्यांनी एकाच शब्दात. बायकोची पाळी आली.

“खाट,” ती म्हणाली. “खाटेखाली लपल्यावर वाटतं तसं वाटलं मला. लहानपणचं.”

कात्रीने कपाळाला हात लावला. कुशनवाल्याने मॅनेजर बाईंकडे पाहिलं.

“मला टेबल वाटलं,” त्या म्हणाल्या. “होडी कुठली? इथे होड्या होत्या का?”

एवढ्या वर्षांत हा प्रश्न मंडळाला कुणी विचारलाच नव्हता. मंडळातला प्रत्येक जण लहानपणी त्या होडीत बसलेला होता. चाल बघून त्यांना होडी कळत नव्हती. ती त्यांना आधीपासूनच माहीत होती. आज पार्कात येणाऱ्या पोरांनी, त्यांच्या आईबापांपैकी बऱ्याच जणांनी, इथे पाणी कधी पाहिलंच नव्हतं. नियमाप्रमाणे बघायचं तर होड्या नव्हत्याच.

मॅनेजर बाईंनी चपला घातल्या. काय आहे ते कळलं नाही, त्या म्हणाल्या, पण वाकले खरी. का वाकले तेही कळलं नाही. पुढच्या रविवारी पुन्हा दाखवा. त्यानंतर मात्र मला वर उत्तर द्यावं लागेल.

घरी जाताना बायकोनेच विषय काढला.

“तुम्हाला होडी म्हणायला हवं होतं तर आधी सांगायचं होतंत.”

“सांगायचं नसतं.”

“मग माझं काय चुकलं?”

चुकलं नव्हतंच. त्याला राग येत होता तो तिचा नव्हता, खाटेचा होता. होडीच्या जागी खाट कशी काय येते, हे त्याला कळेना, आणि न कळलेली गोष्ट सोडून देता येत नाही हा त्याचा जुनाच दोष.

मंडळाने तोडगा काढला होता. कालव्याच्या तोंडाशी मोठी पाटी लावायची: इथे पूर्वी होड्या चालत. जुना फोटो मिळाला तर तोही. सगळा घोळ मिटतो. ताईंनी पाटीचा मजकूरही ठरवला. कुशनवाला हो म्हणाला असता तर होड्या वाचल्या असत्या. तो हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही, दुकानात निघून गेला.

दुकानात कात्रीच्याच सलूनची खुर्ची आलेली होती. सवयीने त्याने ती उलटी केली. मग काय वाटलं कुणास ठाऊक, दोरी घेतली आणि ती खुर्ची छताच्या कडीला टांगली, खालची बाजू खालीच ठेवून, डोक्याच्या जराशी वर. स्वतः तिच्याखाली उभा राहिला. जाडजूड लोखंडी दांडा, तेलाचे ओघळ, चिकटून बसलेले केस, कुणीतरी कधीतरी चिकटवलेलं च्युइंग गम. कात्री दुपारी खुर्ची न्यायला आला तेव्हा त्याला काही न सांगता तिच्याखाली उभं केलं. रोज जिच्याभोवती दिवसभर फिरतो ती आपली खुर्ची कात्रीने ओळखली नाही. त्याने आधी बोअरवेलचा पंप म्हटलं, मग कसलं तरी तोफखान्यातलं यंत्र म्हटलं. कळल्यावर पुन्हा एकदा खाली शिरून सावकाश पाहिलं आणि खुर्ची न नेताच गेला.

संध्याकाळी बायको कामावरून परस्पर दुकानात आली. त्याने तोवर बसची सीट आणि घरून आणलेलं जेवणाचं टेबलही टांगलं होतं. ती पर्स ठेवून त्यांच्या खालून गेली. टेबलाखाली थांबली. आपल्या मुलीने इथे खडूने घोडा काढलाय, ती म्हणाली, आपण यावर इतकी वर्षं जेवतोय. मुलगी आता नोकरीला परगावी असते.

“हे बरं की आधीचं?” त्याने विचारलं. हा तिचा प्रश्न होता, त्याने पहिल्यांदाच उसना घेतला.

ती म्हणाली, आधीचं तुमचं होतं. हे मला दिसतंय.

पुढच्या रविवारी मंडळ पाटी घेऊन आलं होतं. कुशनवाल्याने ती लावू दिली नाही. मॅनेजर बाईंनी दिलेल्या लोखंडी पाइपांवर त्याने एक सीट, एक टेबल, एक बाकडं आणि एक जुनी खाट टांगली. ताई म्हणाल्या, आणि होड्या? तो म्हणाला, होड्या नाहीत. ताईंचा चेहरा पडला. एवढ्या वर्षांची मेहनत तू अशी भंगारात काढणार का, असं त्या त्याला बाजूला घेऊन म्हणाल्या. त्याने एवढंच सांगितलं, की पाटी वाचून माणूस वाकेल, पण ते पाटीला वाकणं झालं.

या खेपेला तो पुढे झालाच नाही. चाल दाखवायची गरज उरली नव्हती. मॅनेजर बाईंनी तिकिटाच्या खिडकीवरच्या दोघींना, माळ्याला आणि एका पाव विकायला आलेल्या माणसाला आत सोडलं. पाववाला खाटेखाली सगळ्यात जास्त वेळ थांबला. वर येऊन म्हणाला, खाटेला खालून कुणीतरी तारेने शिवलंय, बाईचं काम असणार, पुरुष असता तर दोरी बांधून मोकळा झाला असता. तिकिटवाल्या हसत सुटल्या. मॅनेजर बाई एका कठड्यावर बसून ऐकत होत्या. त्यांनी एकच विचारलं, या सगळ्याला म्हणायचं काय? कुशनवाला म्हणाला, ‘खालून’. त्यांनी मान डोलावली. हंगाम मिळाला.

सामान जमवायला त्याला फारसं फिरावं लागलं नाही. निम्मं गिऱ्हाइकांचंच होतं. दातांच्या डॉक्टरची जुनी खुर्ची, शाळेचं बाक, शिवणयंत्राचं टेबल, ताईंच्या बसची मागची अख्खी रांग. कशाचाही खालचा भाग साफ करायचा नाही, ही एकच अट त्याने घातली. कशालाही चिठ्ठी लावायची नाही, ही दुसरी अट मंडळाने आपणहून घातली; त्यांच्या नियमात ती बसतच होती. कुंपणाचे पत्रे कारंज्यामागे पडून होते ते एक दिवस कुणीतरी उचलून नेले.

शेवटच्या वळणावर एक जागा रिकामी राहत होती. तिथे काय टांगायचं हे त्याने कुणाला विचारलं नाही. माळ्यांच्या कुंड्या त्याने स्वतः उतरवल्या, नीट ओळीत मांडून दिल्या, आणि शेडमधली होडी चौघांच्या मदतीने आणून टांगली. सुलटी, म्हणजे चालणाऱ्याला पोट दिसेल अशी. ताई येऊन बघून गेल्या. जाताना एक चाक हाताने फिरवून गेल्या.

आता रविवारी मंडळाची बैठक होते ती कालव्याच्या कठड्यावर, आणि भांडणापेक्षा ऐकणं जास्त असतं. खालून लोक काय काय बोलत जातात ते वर नीट ऐकू येतं. शिवणयंत्र बहुतेकांना ओळखता येतं. दातांच्या डॉक्टरची खुर्ची मोठ्यांना येत नाही, लहान पोरांना येते. पोरं त्या खुर्चीत झोपून वर बघत असतात खरी, पण बसायच्या आधी खालीही बघून घेत असणार, असा कात्रीचा तर्क. होडीपाशी मात्र सगळ्यांची गाडी अडते. न्हाणीचा टब. मोठा बूट. विमानाचं पोट. एका गृहस्थांनी ती बर्फाची पेटी असल्याचं घरच्यांना इतकं छातीठोकपणे सांगितलं, की खरं सांगायला वाकलेल्या कात्रीला बाकीच्यांनी काठावरून मागे ओढलं. कुशनवाला कुणाला दुरुस्त करत नाही. फक्त ऐकतो, आणि घरी जाऊन सांगतो.

परवा बायकोने चहा करता करता विचारलं, “आज कुणी होडी म्हणालं का?”

“एक मुलगी म्हणाली. कॉलेजातली असेल.”

“तिला आधीच माहीत असेल. आजोबांनी सांगितलं असेल.”

“मलाही तसंच वाटलं. म्हणून खाली उतरून विचारलं, कशावरून?”

बायकोने गॅस बारीक केला.

“म्हणाली, चाकं आडवी आहेत, म्हणजे जमिनीवर चालायला नाहीत. मग कशाला? तर बाजूला घासू नये म्हणून. मग तिने भिंत बघितली. त्या रेघा आहेत ना काळ्या, त्यावर हात फिरवला. चाकाची जाडी बोटांनी मोजली, रेघेची रुंदी मोजली. हे वर टांगलंय, पण असायचं इथे, म्हणाली. आणि खाली ही हिरवी रेघ. म्हणजे पाणी होतं. म्हणजे होडी.”

“मग तुम्ही काय म्हणालात?”

“मी म्हटलं, असेल.”

बायको हसली. मग तिने विचारलं, होडी चालताना खर्र असा आवाज कसला यायचा ते त्या मुलीला कळलं का. तो म्हणाला, तेवढं तिने विचारलं नाही. पुढच्या रविवारी ती पुन्हा येणार आहे.